नाइट रिपोर्टात न लिहिलेलं

लष्करातून निवृत्त झालेल्या नर्सला युद्धातल्या दिवसांबद्दल विचारलं, की ती आधी दुसऱ्याच कुणाची तरी गोष्ट सांगायला घेते. दोन्ही पाय गेलेल्या आणि ‘घरी तार करू नका’ म्हणून विनवणाऱ्या गढवाली पोराची. सलाइन लावलेल्या हातानेच बायकोला पत्र लिहायचा हट्ट धरणाऱ्या हवालदाराची. टेबलापाशी उभ्या उभ्याच डुलकी काढणाऱ्या सर्जनची. आपण ऐकून उठतो तेव्हा त्या वॉर्डातल्या पाच-सात माणसांची नावं-गावं आपल्याला पाठ झालेली असतात. सांगणारी बाई मात्र होती तेवढीच अनोळखी राहिलेली असते.

हे मी आधी माझ्या आत्याच्या बाबतीत अनुभवलं, मग तिच्या मैत्रिणींच्या. आत्या साठच्या दशकात मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये गेली. १९७१ च्या युद्धात ती कोलकात्याच्या बाजूला एका लष्करी इस्पितळात होती. निवृत्तीनंतर माहीमला राहायला आली. तिच्या बरोबरीच्यांपैकी एक चेंबूरला असते, एक वांद्र्याला, एक कुलाब्याला भाचीकडे. अधूनमधून सगळ्या आत्याकडे जमतात. मी चहा टाकते, त्यांना विचारून फोन रेकॉर्डिंगला लावते आणि ऐकत बसते. ऐकता ऐकता एक गोष्ट माझ्या मनात पक्की होत गेली. आयुष्याची गोष्ट सांगता सांगता माणूस आपण कोण होतो हे ठरवत असतो, दर वेळी नव्याने. आणि त्या ठरवण्यात ऐकणाऱ्याचाही हात असतो. या बायकांना आपण इतकी वर्षं ठरावीक तीन-चार प्रश्नच विचारत आलो, म्हणून त्यांच्याकडून आपल्याला तीन-चारच गोष्टी मिळाल्या.

आत्याच्या सांगण्याला एक घाट आहे. ती म्हणते, “खाट नंबर सतरा. मराठा लाइट इन्फंट्री. उजवी मांडी, गोळी आरपार. रात्री ताप चढला, पहाटे उतरला. दोनदा पाणी मागितलं.” पन्नास वर्षांपूर्वीची आठवण, आणि बांधणी रात्रपाळीच्या रिपोर्टची! पाळी संपताना नर्स वॉर्डाचा रिपोर्ट लिहिते आणि पुढच्या पाळीवर येणारीला तोंडी समजावून देते. एकूण पेशंट किती, नवे आले किती, हलवले किती, डी.आय.एल.वर कोण, एस.आय.एल.वर कोण. एस.आय.एल. म्हणजे गंभीर आजारी असलेल्यांची यादी, डी.आय.एल. म्हणजे ज्यांचा जीव धोक्यात आहे त्यांची. डी.आय.एल.मध्ये नाव चढलं की घरच्यांना तार जायची. तो गढवाली पोरगा विनवत होता तो त्यासाठीच.

या रिपोर्टात सगळे असतात, नर्स तेवढी नसते. ‘मी त्याच्याजवळ बसले’ असं कुणी लिहीत नाही. ‘पेशंटला तीननंतर झोप लागली’ असं लिहितात. तीन वाजेपर्यंत कुणीतरी त्याच्या उशाशी होतं, कपाळावरची पट्टी पुन्हा पुन्हा ओली करत होतं, त्याने हात घट्ट धरला म्हणून पलीकडच्या खाटेवरच्याला ‘आले, आले’ म्हणत होतं, हे सगळं त्या एका ओळीच्या पोटात राहतं. वीस-पंचवीस वर्षं रोज असं लिहिलेली बाई आपलं आयुष्यही तसंच सांगणार. लोक याला विनय म्हणतात. मला ते कामाने लावलेलं वळण वाटतं, हाताला पडलेल्या घट्ट्यासारखं. आणि त्यात तिचा अभिमानही आहे. पाच मिनिटांत ऐंशी माणसांची अवस्था दुसरीच्या हवाली करता येणं हे येरागबाळ्याचं काम नव्हे, हे तिला पुरतं ठाऊक आहे.

मात्र विषय हातातल्या कामाचा निघाला, की तीच बाई रिपोर्टामधून बाहेर येऊन समोर उभी राहते. तेव्हा इंजेक्शनच्या सुया टाकून द्यायच्या नव्हत्या. त्या धुवायच्या, उकळायच्या आणि पुन्हा वापरायच्या. टोक बोथट झालं की दगडावर घासायचं. घासल्यावर सुई कापसावरून हलकेच ओढून बघायची. एखादा तंतू जरी अडकला, तरी टोक वळलंय असं समजायचं आणि पुन्हा घासायला घ्यायचं. आत्या हे सांगताना अंगठा आणि तर्जनी जुळवून न दिसणारी सुई न दिसणाऱ्या कापसावरून ओढून दाखवते. “मी लावलेली सुई कुणाला टोचल्यासारखी वाटली नाही,” असं म्हणते. तिच्या सगळ्या रेकॉर्डिंगमध्ये ती स्वतःबद्दल इतकं ठामपणे क्वचितच बोलली आहे. काचेच्या सलाइनच्या बाटल्या, त्यांच्या रबरी नळ्या, ब्लॅकआउटसाठी खिडक्यांना चिकटवलेले काळे कागद आणि ते काढायला वेळ नाही म्हणून दिवसाही जळणारे दिवे, हेही त्याच ओघात येतं. आणि वास. चिखलात पडून राहिलेल्या जखमेत गॅस गँगरीन झालं, की तो वास दारातून आत शिरताच कळायचा, पट्टी उघडण्याच्या आधी.

एकच प्रसंग आत्याने मला तीन तऱ्हांनी सांगितलेला आहे. युद्धात आपल्याकडे जखमी युद्धकैदीही आले. त्यांची खोली वेगळी, दाराशी बंदूकधारी पहारा. त्यातला एक विशीच्या आतबाहेरचा पोरगा काही खाईना. जेवणात विष घातलं असेल अशी त्याला भीती. आम्ही लहान असताना आत्या सांगायची, की तिने त्याच्या ताटातली खिचडी आधी स्वतः चमचाभर खाल्ली आणि मग त्याने सगळं ताट चाटूनपुसून संपवलं. आम्हाला ही गोष्ट भारी आवडायची. गिरगावातल्या आमच्या चाळीत मी ती किती जणांना सांगितली असेल! पुढे एका संस्थेने माजी सैनिकांचा सत्कार केला, त्यात आत्याचाही केला. तिथे माइकसमोर ती म्हणाली, “शत्रू-मित्र असा भेद आम्ही केला नाही. ते आमचं कर्तव्यच होतं.” टाळ्या झाल्या.

तिसरी तऱ्हा मी ऐकली ती मैत्रिणींच्या घोळक्यात. त्या दिवशी पहाटे आत्याच्या वॉर्डातला एक जवान गेला होता. अकरा दिवस तिने त्याचं सगळं केलं होतं. नंतर तिला कैद्यांच्या खोलीत पाठवलं, आणि तिला त्या दारातून आत पाऊल टाकवेना. पोटातून राग येत होता. तो पोरगा भीतीने ताट सरकवत होता, आणि तिने रागाच्या भरात चमचा भरला, स्वतःच्या तोंडात घातला आणि ओरडली, “खा आता!” “प्रेमाने नाही गं,” ती चेंबूरच्या मैत्रिणीला म्हणाली, “चिडून.” मैत्रीण म्हणाली, “मी तर एकाच्या पट्ट्या बदलताना मुद्दाम बोलायचेच नाही. हात व्यवस्थित चालवायचे, तोंड बंद.” मग दोघी बराच वेळ त्यावर बोलत राहिल्या. राग आला तरी हात कसा हलका ठेवायचा, यावर.

या तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. मुलांना धीट आत्या हवी होती, सभागृहाला कर्तव्यदक्ष वीरांगना हवी होती, आणि जिने ते स्वतः भोगलं तिला खरं ऐकायचं होतं. मला तिसरी गोष्ट सगळ्यांत मोठी वाटते. द्वेष मनात असताना केलेली शुश्रूषा ही द्वेषच नसताना केलेल्या शुश्रूषेपेक्षा कितीतरी अवघड. पण ती गोष्ट माइकसमोर सांगायची सोय आपण ठेवलेली नाही.

लष्कराने तरी या बायकांना कोण म्हणून वागवलं? मुंबईपुरतं बोलायचं तर ही कहाणी इथल्याच बंदरात सुरू होते. १८८८ मध्ये इंग्लंडहून दहा प्रशिक्षित नर्सेस मुंबईला उतरल्या, हिंदुस्थानातल्या लष्करी इस्पितळांची शुश्रूषा मार्गी लावायला. त्यांची प्रमुख कॅथरीन ग्रेस लॉख पुढे रावळपिंडीला गेली. ब्रिटिश अमलात तिला लष्करी शुश्रूषेसाठीचा रॉयल रेड क्रॉस हा सन्मान मिळाला आणि तिच्या मृत्यूनंतर १९०५ मध्ये तिचं चरित्रही निघालं. त्याच सुमाराची आपल्याकडची बाई म्हणजे काशीबाई गणपत. १८९१ मध्ये जे. जे. रुग्णालयात शिकायला आलेली पहिली भारतीय नर्स म्हणून नर्सिंगच्या पाठ्यपुस्तकात तिचं नाव येतं. तिच्या वाट्याला एक ओळ. मुंबईत लष्कराच्या खुणा कमी नाहीत. आज ज्याला आपण छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय म्हणतो, ती इमारत १९१४ मध्ये उभी राहिली आणि संग्रहालय म्हणून १९२२ मध्ये उघडली. मधल्या काळात, पहिल्या महायुद्धात, तिथे लष्करी इस्पितळ होतं. कुलाब्याला अफगाण चर्चच्या भिंतींवर पहिल्या अफगाण युद्धात पडलेल्यांची स्मारकं आहेत, आणि तिथून थोडं पुढे गेलं की नौदलाचं ‘अश्विनी’ रुग्णालय. १२३ नंबरच्या बसने आर. सी. चर्चला जाताना मी कितीदा त्या रस्त्याने गेले आहे.

भारतीय लष्कराची स्वतःची कायमची नर्सिंग सेवा उभी राहिली ती १ ऑक्टोबर १९२६ ला. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ च्या वटहुकमाने, या नर्सेसना कमिशन्ड अधिकाऱ्यांचा दर्जा मिळाला. म्हणजे नर्स रुजू होते ती लेफ्टनंट म्हणून. १९७६ मध्ये गर्ट्रूड अ‍ॅलिस राम मेजर जनरल झाल्या. भारतात त्या हुद्द्यावर पोचलेली पहिली स्त्री ही एक नर्स होती, हे आजही अनेकांना माहीत नसतं. खांद्यावर हुद्दा, आणि तरी जवान हाक मारणार ती ‘सिस्टर’ म्हणूनच. आत्याला दोन्ही प्रिय होतं. पण दोन्हीच्या मध्ये उभं राहणं सोपं नव्हतं. नवा तरुण अधिकारी आपल्याला अधिकारी मानतो की नुसती नर्स, हे तो दारातून आत कसा येतो त्यावरून ती ओळखायची. आमच्या घरी तर प्रश्न आणखीच वेगळा. आजोबांना मुलगी नर्स झाल्याचं सांगायला जड जायचं. परक्या पुरुषांच्या अंगाला हात लावायचा, रात्रभर घराबाहेर राहायचं. ती मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात शिकायला गेली तेव्हा रत्नागिरीत भावकीने वर्षभर तोंड फिरवलं होतं. रमाबाई रानड्यांनी पुण्यात सेवासदनाच्या मुलींना नर्सिंगला घातलं, त्यालाही तेव्हा अर्धशतक उलटून गेलं होतं. तरी आक्षेप तेच. मग आत्या लष्करात गेली आणि आजोबांना सांगायला एक वाक्य मिळालं: “मुलगी मिलिटरीत ऑफिसर आहे.” नर्स हा शब्द ते तरीही टाळायचे. आत्या सुट्टीवर आली की कुणी विचारलंच तर स्वतःहून सांगायची, “नर्स आहे. ऑफिसरही आहे.” याच क्रमाने.

आता लग्नाबद्दल. घरातल्या बायकांच्या बोलण्यात आत्याची गोष्ट म्हणजे ‘तिने लग्न केलं नाही’. जणू पंचवीस वर्षांची नोकरी, दोन युद्धांचा काळ, देशभरच्या बदल्या हे सगळं त्या एका नकाराच्या कडेने वाढलेलं. कुणाला वाटायचं प्रेमभंग झाला असेल, कुणाला वाटायचं घरच्यांनी बघितलंच नाही. नियम काय होता ते कुणी बघितलं नाही. मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसच्या सेवाशर्तींची १९७७ ची एक लष्करी सूचना होती, क्रमांक ६१. त्यात लग्न केलं म्हणून नर्सला सेवेतून काढता येत असे. ही सूचना १९९५ मध्ये मागे घेतली गेली. १९८८ मध्ये लग्न केलं म्हणून काढून टाकलेल्या एका लेफ्टनंट नर्सचा खटला इतका लांबला, की सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यायला १४ फेब्रुवारी २०२४ उजाडलं. न्यायालयाने तो नियम उघड उघड मनमानी आणि लिंगभेद करणारा ठरवला आणि तिला ६० लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. निवाडा वाचून मी आत्याला फोन केला. ती बराच वेळ त्या बाईबद्दल विचारत राहिली: कुठे होती, किती वर्षं लढली, परत घेतलं का. मग म्हणाली, “माझ्याबरोबरच्या दोघी अशाच गेल्या. एकीने सकाळी पाळी संपवली, हँडओव्हर दिला, आणि सामान घेऊन गेली. त्या वॉर्डात तिच्यासारखा हात दुसरा कुणाचा नव्हता.” स्वतःबद्दल एवढंच म्हणाली, की तिला काम सोडायचं नव्हतं. घरातल्या बायका इतकी वर्षं जे ‘केलं नाही’ म्हणून मोजत होत्या, ते तिच्या लेखी ‘निवडलं’ होतं, आणि लग्न आणि नोकरी यांतलं एकच निवडा असं तिच्यासमोर मांडणाऱ्यांचा मला मनापासून राग आहे. वांद्र्याची मैत्रीण लग्न करून नोकरीतून बाहेर पडली. ती आजही या बैठकींत स्वतःची ओळख ‘मी थोडेच दिवस होते’ अशी करून देते. सहा वर्षांच्या सेवेला थोडे दिवस म्हणायला तिला कुणी शिकवलं?

काही गोष्टी मात्र सांगणारीच्या गळ्यात दुसरे लोकच अडकवून ठेवतात. ऑस्ट्रेलियन नर्स व्हिव्हियन बुलविंकल यांची कहाणी वाचल्यापासून मला हे फार जाणवतं. फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर पडण्याच्या तोंडावर ६५ ऑस्ट्रेलियन लष्करी नर्सेस ‘वायनर ब्रुक’ जहाजातून निघाल्या. जहाज बुडालं. आजच्या इंडोनेशियातल्या बांका बेटाच्या किनाऱ्याला लागलेल्या २२ नर्सेसना जपानी सैनिकांनी १६ फेब्रुवारीला समुद्रात चालत जायला लावलं आणि मागून गोळ्या झाडल्या. वाचल्या त्या एकट्या बुलविंकल, कमरेत गोळी घेऊन. पुढे साडेतीन वर्षं त्या कैदेत होत्या. छावणीतल्या बाकीच्या नर्सेसनी मिळून ठरवलं, की किनाऱ्यावर काय झालं ते कुणी तोंडातून काढायचं नाही, कारण कळलं तर त्यांनाही मारतील. युद्धानंतर बुलविंकल यांनी टोकियोच्या युद्धगुन्हे लवादापुढे साक्ष दिली, पुढे मेट्रन झाल्या, सन्मान झाले, २००० मध्ये गेल्या. आणि त्यानंतर काही वर्षांनी संशोधकांनी पुढे आणलं, की गोळ्या झाडण्याआधी त्या नर्सेसवर अत्याचार झाले होते, आणि त्याबद्दल बोलू नका असं बुलविंकल यांना सांगण्यात आलं होतं. जगासमोर त्यांची जी ओळख होती, ‘एकटी वाचलेली’, ती खरी होती. पण तिला जोडून असलेला भाग त्यांना आयुष्यभर एकटीने बाळगावा लागला. आपल्या मैत्रिणींवर काय गुजरलं, हे सांगायचा हक्क साक्षीदाराकडूनच काढून घेतला होता.

अमेरिकेच्या व्हिएतनाममधून परतलेल्या नर्सेसना तर कुणी गप्प बसायला सांगावंही लागलं नाही. त्या युद्धावर लोक इतके नाराज होते, की अनेकींनी आपण तिथे होतो हे कित्येक वर्षं सांगितलंच नाही. त्यांच्यासाठीचं स्मारक वॉशिंग्टनमध्ये उभं राहिलं १९९३ मध्ये, युद्ध संपल्यानंतर जवळपास दोन दशकांनी, आणि तेही त्यांच्यातल्याच एका माजी नर्सने वर्षानुवर्षं पाठपुरावा केला तेव्हा.

आपल्या मराठी माणसांना जवळचं उदाहरण द्यायचं तर ग्वो चिंगलान यांचं. सोलापूरचे डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस आपल्याला शाळेपासून माहीत. १९३८ मध्ये चीनला गेलेले, १९४२ मध्ये तिथेच वारलेले. त्यांच्या आयुष्यावर व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये मुंबईत चित्रपट काढला, आणि पडद्यावर ग्वो झाल्या त्या जयश्री. खऱ्या ग्वो त्या युद्धकाळात आघाडीजवळच्या वैद्यकीय शाळेत नर्सिंग शिकवत होत्या. कोटणीसांशी त्यांचं लग्न १९४१ मध्ये झालं. कोटणीस गेले तेव्हा मुलगा काही महिन्यांचा होता. पुढे तो वैद्यकीय शिक्षण घेत असतानाच १९६७ मध्ये वारला. त्यांनी म्हातारपणी आठवणी लिहिल्या, त्यांच्या शीर्षकातही कोटणीसांचं नाव आहे. त्या भारतात आल्या की सत्कार व्हायचे ते कोटणीसांच्या पत्नीचे. २०१२ मध्ये त्या गेल्या. कोटणीसांची पत्नी ही ओळख आणि नर्स म्हणून केलेलं काम, यांतलं पहिलं सगळ्यांना दिसलं. कोटणीसांबद्दल मला नितांत आदर आहे. तरीही मला त्या शाळेतला नर्सिंगचा वर्ग बघायला आवडला असता: औषधं अपुरी, शत्रू जवळ, आणि समोर बसलेल्या मुलींना शिकवणारी ही तरुण बाई.

फ्लॉरेन्स नाइटिंगेलचं तरी काय? नर्सिंग कॉलेजांत आजही दिवा पेटवून शपथ घेतात. हातात दिवा घेऊन रात्री फेरी मारणारी बाई ही प्रतिमा क्रिमियन युद्धाच्या वेळी वर्तमानपत्रांनी घराघरांत पोचवली. तिने मात्र आयुष्याचा मोठा भाग आकडेवारीवर घालवला. हिंदुस्थानात कधी पाऊल न ठेवता इथल्या छावण्यांतली सांडपाण्याची व्यवस्था, पाणी, मृत्यूचं प्रमाण यांवर अनेक वर्षं लिहीत राहिली. लोकांनी दिवा उचलून धरला, आकडे बाजूला ठेवले.

आत्याच्या बाबतीत आकड्यांकडे वळणारं कुणीतरी अखेर आलं. माझ्या चुलतभावाच्या मुलीला ‘अश्विनी’च्या नर्सिंग कॉलेजात प्रवेश मिळाला आणि ती आत्याच्या पाया पडायला माहीमला आली. त्या दिवशी चेंबूरची मैत्रीणही होती. आम्ही मोठ्यांनी नेहमीचं सुरू केलं: आत्या, तिला ती खिचडीची गोष्ट सांग. पोरीने ऐकून घेतली. मग तिने विचारलं, “आत्याआजी, रात्रपाळीला वॉर्डात पेशंट किती असायचे? आणि तुम्ही किती जणी?”

आत्या सावरून बसली. “साठ खाटा. व्हरांड्यात आणखी वीस. मी एक आणि दोन नर्सिंग असिस्टंट.”

“मग राउंड कसा घ्यायचात? कुठून सुरुवात?”

“प्लास्टरवाल्यांपासून,” आत्या म्हणाली, आणि मी आजवर कधी न ऐकलेली गोष्ट सांगायला लागली. एका जवानाच्या गुडघ्याखाली हाड मोडलेलं, दुपारी प्लास्टर घातलेलं. रात्री बाराला तो म्हणाला, दुखतंय. औषध दिलं. एकला म्हणाला, फार दुखतंय. असिस्टंट म्हणाला, हा जरा रडवा आहे. आत्याने चादर वर करून पायाची बोटं बघितली. गार होती आणि निळसर. अंगठा दाबला तर दबलेल्या जागी रंग परत येईना. “हलव” म्हटलं तर त्याला बोटं हलवता येईनात. ती सर्जनना उठवायला गेली. ते दीड दिवसानंतर नुकते आडवे झाले होते. म्हणाले, सूज आहे, पाय उंचावर ठेवा, सकाळी बघतो. ती दारातून हलली नाही.

“मी म्हटलं, सर, सकाळी बघायला पाय राहणार नाही. मी बोटं बघितली आहेत. तुम्ही या आणि बघा.”

“मग आले?”

“आले. बघितलं, आणि एक शब्द न बोलता कात्री मागितली.”

चेंबूरची मैत्रीण म्हणाली, त्यांना असं बोलायची आमची कुणाची छाती नव्हती. आत्या म्हणाली, “छातीचा काय संबंध? मला दिसत होतं. ते झोपलेले होते, त्यांना दिसत नव्हतं.” त्या रात्रीच्या रिपोर्टात तिने लिहिलं होतं: ‘प्लास्टर कापले. बोटांचा रंग सुधारला.’ हे तिला शब्दशः आठवत होतं. मेट्रनने सकाळी वाचून सही केली आणि पुढचं पान उलटलं.

पोरगी आता खुर्ची सोडून आत्याच्या पलंगावर येऊन बसली होती. “कसं कापलंत? एका बाजूने?”

“दोन्ही बाजूंनी, वरपासून खालपर्यंत,” आत्याने पोरीचाच पाय मांडीवर ओढून घेतला आणि नडगीच्या दोन्ही अंगांनी बोट फिरवलं. “आणि नुसतं प्लास्टर कापून थांबायचं नाही. आतला कापूस, बँडेज, सगळं कातडीपर्यंत मोकळं करायचं. बँडेज रक्ताने भिजून वाळलं की तेच दोरीसारखं आवळतं. तुला शिकवतील, पण घाईत लोक ते विसरतात. तू विसरू नकोस. आता तू माझा पाय बघ आणि सांग, काय काय तपासशील?”